रिव्हॉल्व्हर किती टिकतें ?

बेलापूरच्या खाडीलगत सिद्द्यांनीं बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आमच्या विद्यार्थ्यांस परिचयाचे आहेत. कोंकणांतील अशा किल्ल्यांवर ज्या तोफा असत, त्यांचा घाट आठवून पाहावा. तोंडाकडे त्या निमुळत्या, आणि बुडाशीं, जेथें दारू पेटते तेथें, सर्वांत जाड असत. रिव्हॉल्व्हर घडविणाऱ्या कारागिरास मात्र ही सोय नाहीं.

रिव्हॉल्व्हरांत दारू पेटते ती फिरत्या चक्राच्या घरांत. एका चक्रांत बहुधा सहा घरें. हत्यार हातांत पेलावें म्हणून त्यांच्या भिंती पातळ ठेवाव्या लागतात. शिवाय चक्र जागच्या जागीं अडकावें म्हणून बाहेरून खाचा पाडतात, व सहा घरांच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांत ही खाच नेमकी सर्वांत पातळ भिंतीवर येते ! चक्र व नळी यांमधील फटींतून तप्त वायु निसटून वरची पट्टी कोरतो, आणि प्रत्येक बारासरशी चक्राची बैठक थोडीथोडी ढिली होते.

अमेरिकेंत १९३५ सालीं ३५७ मॅग्नम काडतूस निघालें. जुन्या ३८ स्पेशलच्या दाबाची मर्यादा चौरस इंचास १७,००० पौंड, तर ह्याची ३५,००० ! नवें काडतूस जुन्या, दुबळ्या हत्यारांत शिरूं नये म्हणून त्याची पितळी टोपण सुमारें अष्टमांश इंच लांब ठेवली. ही दूरदृष्टि आम्हांस फार आवडते. परंतु जो गृहस्थ घरीं स्वहस्तें दारू भरतो, त्यास कोण अडविणार ? जलद जळणारी दारू थोडीच लागते. टोपण अर्धी रिकामी राहते, आणि चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आंत मावते. एल्मर कीथ या शिकारी लेखकाचें ४५ बोअरचें जुनें रिव्हॉल्व्हर १९२५ च्या सुमारास अशाच जोरकस काडतुसांनीं फुटलें. मग ते ४४ बोअरकडे वळले. भोंक लहान, म्हणून भिंत जाड. त्यांच्याच खटपटींतून १९५५ सालीं ४४ मॅग्नम निघालें.

सर्वच रिव्हॉल्व्हरें अशीं एकदम फुटत नाहींत. मर्यादेच्या आंतबाहेरचा धक्का हजारों वेळां बसला कीं पोलाद थकतें व सूक्ष्म तडा वाढत जातो. स्मिथ अँड वेसन कंपनीनें १९५५ च्या सुमारास पोलिसांकरितां हलकें मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढलें. त्याच्या नळीचें मागील टोक खालून तासलेलें असल्यामुळें हलक्या, वेगवान गोळ्यांनीं तेथेंच तडे जाऊं लागले. १९८० च्या सुमारास कंपनीस अधिक भरदार चौकट काढावी लागली.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें तयार करतां येत नाहींत. नागरिकांजवळ बहुधा ३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर असतें, व खडकीच्या कारखान्याचें काडतूस त्यांत चालतें. तथापि ज्या पालकांच्या घरीं आजोबांच्या वेळचें परवान्याचें रिव्हॉल्व्हर असेल, त्यांनीं तें परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावें. रिकाम्या हत्याराचें चक्र पुढेंमागें हलतें काय, प्रत्येक घर नळीसमोर नीट येतें काय, व नळीच्या मागील टोकाशीं तडा दिसतो काय, हें तो प्रथम पाहतो.