पाकीट फोडायचा महिना
(सातासमुद्रापलीकडचं म्हातारपण : लेखांक ७)

न्यू जर्सीतल्या एका मराठी घरी मी पहिल्यांदा मेडिकेअरची, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याची कागदपत्रं बघायला गेले, तेव्हा काकूंनी फ्रिजवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत पाकिटंच पाकिटं. काही फोडलेली, बरीचशी तशीच. "बिल असलं की मुलगा फोडतो. ही नुसती माहितीची असतात," काकू म्हणाल्या. त्या नुसत्या माहितीच्या गठ्ठ्यात सप्टेंबरात आलेलं एक पाकीट होतं. रक्त पातळ ठेवायची त्यांची गोळी नव्या वर्षापासून वरच्या, महागड्या टियरमध्ये जाणार, असं विमा कंपनीनं त्यात रीतसर कळवलं होतं. आम्ही ते फोडलं १२ डिसेंबरला. प्लॅन बदलायची मुदत ७ तारखेला संपली होती. काकूंचं ओरिजिनल मेडिकेअर आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी. अशा माणसाला पुढची संधी सहसा थेट पुढच्या ऑक्टोबरात मिळते.

पार्ट ए, बी, डी आणि ॲडव्हान्टेज (खासगी कंपन्यांचे मेडिकेअर प्लॅन) ही काय भानगड आहे, ते मागच्या दोन लेखांकांत पाहिलं. तेव्हापासून वाचक एकच प्रश्न विचारताहेत: आमच्या मराठी मंडळातल्या आजी-आजोबांपर्यंत हे पोचवायचं कसं? म्हणून हा लेखांक मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी, ग्रंथालयात शनिवारी दोन तास देणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरात असा डबा आहे त्या मुला-सुनांसाठी.

प्लॅन बदलायची मुदत, म्हणजे 'ओपन एन्रोलमेंट', दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, असे चोपन्न दिवस. पूर्वी ही मुदत १५ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपायची. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ज करा आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात नवं कार्ड दाखवा, असा प्रकार. २०११ पासून ती अलीकडे आणली. या दिवसांत केलेला बदल १ जानेवारीपासून लागू होतो.

पण खरी अडचण तारखांची नाहीच. या मुदतीत काहीही केलं नाही, तरी बहुतेकांचा विमा आपोआप पुढे चालू राहतो, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. पंढरीची वारी चुकली तर माणसाला चुटपुट लागते. इथे चुकलेलं कळतसुद्धा नाही. कळतं ते जानेवारीत, औषधाच्या काउंटरवर किंवा डॉक्टरांच्या स्वागतकक्षात, "आम्ही आता तुमच्या नेटवर्कमध्ये नाही" असं ऐकताना. केएफएफ ही संस्था मेडिकेअरचा बारकाईनं अभ्यास करते. तिच्या पाहणीनुसार दहातले जवळजवळ सात जण या मुदतीत दुसऱ्या प्लॅनशी तुलनाच करत नाहीत. एकेका माणसापुढे ॲडव्हान्टेजचेच चाळीसच्या आसपास प्लॅन असतात, हे लक्षात घेतलं तर मला त्यांना आळशी म्हणवत नाही. भाजीच्या दुकानात चाळीस जातींचे टोमॅटो मांडले, तर मीही कालचेच उचलीन.

मेडिकेअरच्या सुरुवातीला अडचण वेगळी होती. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू झालं. मधल्या महिन्यांत सरकारपुढे भलतंच काम होतं. डॉक्टरांच्या खर्चासाठीचा पार्ट बी ऐच्छिक होता. महिना तीन डॉलर भरायचे, पण त्यासाठी आधी नाव नोंदवायला हवं. लाखो वृद्धांना पत्रं गेली. तरी न वाचणारे, न कळणारे, पत्ता बदललेले उरलेच. तेव्हा 'ऑपरेशन मेडिकेअर अलर्ट' नावाची मोहीम निघाली. तिच्यात वृद्धांनाच मानधन देऊन दारोदार पाठवलं गेलं. ३१ मार्चची मुदत ३१ मेपर्यंत वाढवली. शेवटी दहातल्या नऊहून अधिक वृद्धांनी पार्ट बी घेतला.

त्या मोहिमेतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती निवड: दारावर कोण जाणार? सत्तर वर्षांच्या माणसाकडे सत्तर वर्षांचाच माणूस गेला. आपल्याकडे मात्र पत्रक कोण करतो, तर संगणकावर हात बसलेला तिशीतला मुलगा. तो वर 'ओपन एन्रोलमेंट' असं ठळक छापतो, खाली क्यूआर कोड टाकतो आणि काम झालं म्हणतो. मी सांगते ते पत्रक असं: एकच पान, अक्षर टपोरं, अर्ध्यावर मराठी आणि अर्ध्यावर इंग्रजी, कारण आई मराठी भाग वाचणार आणि मुलगी इंग्रजी. वर मुदतीचं नाव नको, प्रश्न हवा. "तुमचे डॉक्टर पुढच्या वर्षीही तुमच्या प्लॅनमध्ये आहेत का?" या प्रश्नाला बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर "माहीत नाही" असतं, आणि तेवढ्यावर माणूस थांबतो.

आता दिनदर्शिकेकडे. लक्ष्मीपूजन दरवर्षी या चोपन्न दिवसांतच येतं. ऐकायला ही सोय वाटते, पण दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाचं ताट हातात आणि स्टेजवर नातीचा नाच, अशा वेळी कोण पार्ट डीबद्दल ऐकणार? शिवाय बरीच ज्येष्ठ मंडळी दिवाळी झाली की थंडीच्या आत पुण्या-नाशकाकडे निघतात. माझ्या मते काम सुरू करायचं ते गणपतीत. तेव्हा मंडळात गर्दी असते, आणि बदल कळवणारं ते पाकीट, 'ॲन्युअल नोटीस ऑफ चेंज', ३० सप्टेंबरपर्यंत घरी येतंच. गणपतीतल्या टेबलावर एवढंच सांगायचं: "सप्टेंबरअखेर विमा कंपनीचं जाडसर पाकीट येईल. फेकू नका, फोडा. समजलं नाही तर ते घेऊन या." आणि समोरच्याला वार, वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायची. त्या टेबलावर सल्ला द्यायचाच नाही. मधुमेहाच्या गोळ्या कुठल्या, हे शेजारच्या बिऱ्हाडासमोर कुणी सांगत नाही.

भारतात जाणाऱ्यांची वेगळी यादी करावी. मेडिकेअर सहसा भारतातला खर्च देत नाही. काही मेडिगॅप प्लॅन (ओरिजिनल मेडिकेअरच्या जोडीला घ्यायचा पूरक विमा) परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा काही भाग देतात, तोही प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत. ॲडव्हान्टेजवाला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त काळ आपल्या भागाबाहेर राहिला, तर प्लॅनमधून नाव निघू शकतं. या मंडळींना ऑक्टोबरातली पहिली वेळ द्यावी. ते विमानात बसले की पाकीट इथल्या टपालपेटीत आणि माणूस डेक्कनवर.

मग येतो औषधांच्या पिशवीचा दिवस. "औषधांची यादी आणा" म्हटलं की लोक आठवून लिहितात आणि निम्मं विसरतात. म्हणून सांगायचं, बाटल्यांसकट पिशवीच आणा. त्या पिशवीतून काय काय निघतं! इथल्या केशरी बाटल्या, इंडियाहून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, एखादं चूर्ण. मेडिकेअरच्या 'प्लॅन फाइंडर'वर पिन कोड, औषध, मात्रा आणि दुकान भरलं की वर्षाचा अंदाजे खर्च प्लॅनवार दिसतो. पण भारतातली ब्रँडची नावं त्या पडद्याला कळत नाहीत, त्यामुळे पट्टीच्या मागचं मूळ नाव शोधावं लागतं. कधी तेही पुरत नाही. आपलं पॅरासिटामॉल इथे असिटॅमिनोफेन होतं आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. औषधशास्त्र शिकलेला एखादा निवृत्त माणूस मंडळात असेल, तर त्याला या टेबलावर बसवा. त्याच्यासारखा स्वयंसेवक मिळायचा नाही.

सल्ला मात्र प्रशिक्षितांनीच द्यावा. १९९० च्या कायद्यानं प्रत्येक राज्यात मेडिकेअरच्या मोफत समुपदेशनाची सोय सुरू झाली. तिचं सर्वसाधारण नाव 'शिप'. कॅलिफोर्नियात तिला 'हायकॅप' म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये 'शाइन', वॉशिंग्टन राज्यात 'शिबा'. यातले बरेच समुपदेशक प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात, आणि ते काही विकत नाहीत. मंडळानं मराठी बोलणारे दोघं-तिघं उन्हाळ्यातच त्या प्रशिक्षणाला पाठवावेत. ऑक्टोबरात जाग आली, तर फार उशीर झालेला असतो.

आणि हिशेब आधी करावा. एका माणसाची पिशवी, कागद आणि शंका यांत तास सहज जातो. चार समुपदेशक शनिवारी पाच-पाच तास बसले तर वीस जण होतात. मुदतीतल्या आठेक शनिवारांतून दिवाळीचा आणि थँक्सगिव्हिंगचा वगळला, तर उरले सहा. एकूण एकशे वीस जण. मग हजार पत्रकं कशाला छापायची? बोलावून परत पाठवलेला म्हातारा माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

विमा एजंटांबद्दल जरा जपून, पण स्पष्ट लिहिते. त्यांतले काही उत्तम माहितगार असतात. पण त्यांना कमिशन मिळतं आणि त्यांच्याकडे बाजारातले सगळे प्लॅन असतीलच असं नाही. मंडळाच्या कार्यक्रमाचा प्रायोजकच एजंट असेल, तर पंचाईत होते. कार्यक्रम माहितीचा म्हणून जाहीर केला असेल, तर तिथे ठरावीक प्लॅनची विक्री करायला नियमानं मनाई आहे. न बोलावता दारात येणं किंवा ओळख नसताना फोन करणं, हेही एजंटला मना आहे. असा फोन आला आणि समोरचा मेडिकेअरचा नंबर मागू लागला, तर फोन ठेवायचा. "एवढं गोड बोलत होता, कसा ठेवणार?" असं एका आजोबांनी मला विचारलं होतं. त्यांना वाक्य पाठ करून दिलं: "मुलीला विचारून सांगतो." यात फोन ठेवल्याचा उद्धटपणाही नाही आणि नंबरही जात नाही.

समुपदेशनात काय निघेल, हे आधीच धरून चालू नये. "बदला" हेच उत्तर असेल असं नाही. ॲडव्हान्टेज सोडून ओरिजिनल मेडिकेअरकडे परतायचं आणि जोडीला मेडिगॅप घ्यायचा, हा बेत कागदावर छान दिसतो. पण पासष्टीला पार्ट बी सुरू झाल्यावरचे पहिले सहा महिने संपले की, बहुतेक राज्यांत मेडिगॅपवाले तब्येत बघून नकार देऊ शकतात. न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही चार राज्यं याला अपवाद. हडसन नदीच्या एका तीरावर जो सल्ला बरोबर, तो दुसऱ्या तीरावर अंगाशी येतो. न्यूयॉर्कच्या भावानं फोनवर सांगितलं म्हणून न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या बहिणीनं तसंच करायचं नसतं.

पैशाचा विषय आपल्या लोकांत अवघड जातो. औषधांच्या खर्चासाठी 'एक्स्ट्रा हेल्प' आहे, पार्ट बीचा हप्ता भरायला राज्यांची मदत आहे, न्यू जर्सीत औषधांसाठी 'पाड' नावाची योजना आहे. "आम्ही कुणाचं फुकट घेत नाही," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता प्रश्नच बदललाय. "मदत हवी का?" असं न विचारता "तुम्ही इतकी वर्षं कर भरलात, त्यातून तुमचं काही परत येतंय का, ते पाहू या," म्हणते. मग उत्पन्नाचा आकडा हळूच कागदावर येतो. ही चौकशी बंद खोलीत आणि शक्यतो मुलं नसताना करावी. मुलासमोर वडील आपली पेन्शन नेहमी जरा फुगवून सांगतात.

७ डिसेंबरला टेबल आवरलं की काम संपत नाही. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ॲडव्हान्टेजवाल्यांना एकदा प्लॅन बदलता येतो. ज्यांचं डिसेंबरात चुकलंय, ते जानेवारीत येतात, रागावलेले आणि हातात पावती घेऊन. त्यांच्यासाठी दोन शनिवार राखून ठेवावेत.

शिवाय दर वर्षी टेबलावर येणारा एक वर्ग आहे, ज्याला या मुदतीचा काहीच उपयोग नसतो: मुलांनी नुकतेच ग्रीन कार्डवर बोलावलेले आई-वडील. ते रांगेत उभे राहतात, पत्रक वाचतात, पिशवीही आणतात. इथे काम न केलेल्या अशा ज्येष्ठाला मेडिकेअर विकत घेण्यासाठी देशात सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. तोवर त्यांचा रस्ता मार्केटप्लेसच्या विम्याचा, आणि त्याची नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते. त्यांना नुसतं "तुमचं नाही" म्हणून परत पाठवलं, तर पाच वर्षांनी ते आपणहून येणार नाहीत. आणि तेव्हा सात महिन्यांची नोंदणीची मुदत हुकली, तर पार्ट बीच्या हप्त्यावर दर बारा महिन्यांच्या उशिरामागे दहा टक्के दंड चढतो, तोही बहुधा कायमचा.

म्हणून आमच्या टेबलावर एक जाड वही असते. कुणी ग्रीन कार्डवर आलंय असं कळलं की त्यांचा या देशात आल्याचा महिना विचारायचा, त्यात पाच वर्षं मिळवायची, तीन महिने वजा करायचे आणि त्या महिन्याच्या पानावर नाव आणि सुनेचा फोन लिहायचा. गेल्या गणपतीत लिहिलेलं सगळ्यात लांबचं पान २०३० च्या मे महिन्याचं आहे. त्यावर दोन नावं आहेत, नवरा-बायकोची. काकांनी स्वतःच्या हातानं पुढे लिहिलंय, "आठवण करावी, तोपर्यंत आम्ही इथे असलो तर."