एक संगणक, अनेक गल्ले

दुकानात तीन गल्ले आणि एक गोदाम असेल तर चार नवे संगणक हवेत, असा सर्वसाधारण समज आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपल्यामुळे तर चालते संगणकही भंगारात काढायची वेळ आली, असे अनेकांना वाटते. व्यापारी बंधूंनी तसे करण्यापूर्वी ‘थिन क्लायंट’ ही पद्धत समजून घ्यावी.

जुन्या पेढीवर माल मोजणारे अनेक, पण खातेवही एकच असे. येथेही तसेच आहे. एकच दमदार संगणक, म्हणजे सर्व्हर, सर्व काम करतो. गल्ल्यावरचा जुना संगणक फक्त पडदा दाखवतो आणि कळफलकाचे ठोके सर्व्हरकडे पाठवतो. बिल, साठा, उधारी सर्व सर्व्हरवरच राहते.

यासाठी ओपन सोर्स, म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेले प्रोग्राम मोफत मिळतात. लिनक्सच्या सर्व्हरवर ‘एक्सआरडीपी’ किंवा ‘एक्सटूगो’ बसवतात. एक्सआरडीपीला जोडण्यासाठी गल्ल्यावर ‘फ्रीआरडीपी’ किंवा ‘रेमिना’ चालते. एक्सटूगोचा जोड-प्रोग्राम त्याचा स्वतःचा आहे. १९९९ साली सुरू झालेल्या ‘एलटीएसपी’ प्रकल्पामुळे हार्डडिस्क नसलेला संगणकही तारेच्या नेटवर्कवरून सुरू होतो.

मात्र ‘मोफत’ या शब्दावर भाळून जाऊ नये. आपला हिशेबाचा प्रोग्राम केवळ विंडोजवर चालत असेल तर सर्व्हरही विंडोजचाच लागेल. त्यावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे तर मायक्रोसॉफ्टचे परवाने विकत घ्यावे लागतात. गल्ल्यावरचा प्रोग्राम मोफत असल्याने ही अट टळत नाही. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. सर्व्हर बंद पडला की सारे गल्ले एकदम थांबतात. ईदच्या गर्दीत असे झाले तर वाचवलेला पैसा एका दिवसात जाईल. तेव्हा सर्व्हरला चांगला यूपीएस द्यावा. रोजच्या हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुकानाबाहेर ठेवावी. त्या प्रतीवरून हिशेब खरोखर परत उघडतो की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे.

तिसरी बाब सुरक्षिततेची. घरून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटला उघडे ठेवू नये. चोर अशीच दारे शोधतात, फायली कुलूपबंद करतात आणि खंडणी मागतात. बाहेरून यायचे तर व्हीपीएनमधूनच यावे. प्रत्येक नोकराला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड द्यावा. नोकरी सुटताच तो बंद करावा.

आमचा सल्ला असा की प्रथम एकच गल्ला जोडून महिनाभर चालवून पाहावा. बारकोड वाचक आणि बिलाचा प्रिंटर नीट चालले, तरच पुढचे गल्ले जोडावेत. जुने संगणक वापरून जी बचत होईल, तिचा काही हिस्सा सर्व्हरच्या राखणीवर खर्च करावा. तीन संगणकांचा पैसा वाचला आणि खातेवही गेली, तर तो सौदा तोट्याचाच होय.