बेस विकणाऱ्याची बाजू

वाद्य विकणं आपल्याकडे काहीसं संकोचानं करायचं काम मानलं जातं. दसऱ्याला ज्याच्यावर फूल वाहिलं त्यालाच गिऱ्हाईक शोधायचं, हे मनाला रुचत नाही. त्यात कुणी हौशी वादक चार-पाच वर्षांत तीन बेस गिटार बदलू लागला, की त्याचं मन रियाजापेक्षा खरेदीतच जास्त रमतं, असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. सतार किंवा तानपुऱ्याच्या बाबतीत या संकोचाला आधार आहे. मिरजेच्या कारागिरानं घडवलेला एक तानपुरा दुसऱ्यासारखा नसतो. भोपळा वेगळा, जवारी वेगळी, आणि त्याच्याशी जमायला वर्षं लागतात. बेस गिटारीची घडणच निराळी आहे. जन्मापासूनच ती एका हातातून दुसऱ्या हातात सहज जाईल अशी बनवली गेली. म्हणून पोटापाण्यासाठी न वाजवणाऱ्या, शनिवार-रविवारी मित्रांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसानं ती घेणं, वाजवणं आणि विकणं या तीन गोष्टी वेगळ्या धरू नयेत, असं मला वाटतं. त्याचं शिक्षण या तिन्हींतून मिळूनच होतं.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. तोवर बँडमधल्या खर्जाची जबाबदारी डबल बेसवर होती. हे वाद्य माणसाहून उंच, पोकळ आणि नाजूक असतं. प्रवासात त्याची वाहतूक हीच एक शिक्षा, आणि ड्रम व इलेक्ट्रिक गिटारीच्या गलबल्यात त्याचा आवाज बुडून जायचा. त्याला पडदे नसतात, त्यामुळे सूर नेमका कुठे लागतो हे हाताला वर्षानुवर्षं शिकवावं लागे. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच पडद्यांचा, गळ्यात अडकवून आडवा धरायचा इलेक्ट्रिक बेस करून पाहिला होता, पण त्याचा जम बसला नाही. फेंडर यांचा बसला. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून ते या धंद्यात आले होते. वाद्याकडेही त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेनंच पाहिलं. भरीव लाकडाचं अंग आणि त्याला स्क्रूंनी जोडलेली दांडी, जिला वादक नेक म्हणतात. नेक कामातून गेली तर स्क्रू काढून दुसरी बसवायची. तारेचं कंपन विजेत बदलणारं पिकअप बिघडलं, तर दोन-चार डाग सोडवून नवं लावायचं. तारेच्या वाजत्या भागाची लांबी त्यांनी ३४ इंच ठेवली आणि आजही जगातल्या बहुतेक बेसचं माप तेच आहे. चार तारा कोणत्या सुरांत लावायच्या हेही बदललेलं नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ एकच माप टिकल्याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. वापरलेल्या बेसची किंमत ठरवणं सोपं झालं. घेणारा पुण्यात असो वा टोकियोत, समोर काय आहे ते त्याला नावावरून, सालावरून आणि कारखान्यावरून बऱ्यापैकी कळतं. ज्या वस्तूचं मोल दोन अनोळखी माणसांना सारखंच समजतं, ती विकताना फसवणुकीची भीती कमी असते आणि तोटाही बेताचा होतो.

पण मुळात विकायची वेळ यावीच का? दुकानात नीट वाजवून पाहून एकच चांगला बेस घेतला तर काय बिघडलं? हा आक्षेप रास्त वाटतो, पण खर्जाचं शास्त्र त्याच्या आड येतं. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली, तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. दुकानातला किंवा घरातला छोटा अॅम्प हा मूळ सूर धड वाजवूच शकत नाही. आपल्या कानावर पडतात ती त्याच्या दुप्पट, तिप्पट वेगाची उपकंपनं, आणि मूळ सूर आपला मेंदूच त्यांवरून रचतो. त्यामुळे एकट्यानं बसून वाजवताना जो बेस भरदार आणि गोड वाटतो, तोच ड्रमच्या बास ड्रमशी आणि कीबोर्डच्या डाव्या हाताशी गाठ पडताच धूसर होऊन जातो. उलट दुकानात कोरडा, थोडा खरबरीत वाटलेला बेस बँडमध्ये स्वच्छ उठून येतो. शिवाय इमारतीतल्या घरात मोठ्यानं वाजवायची सोय नसते, कारण खर्ज भिंतींतून आरपार जातो. हौशी वादकाचा बराचसा सराव हेडफोन लावूनच होतो. आपल्याला खरोखर काय हवं हे त्याला कळतं ते काही महिने चार जणांबरोबर वाजवल्यानंतर. तोवर बेस विकत घेऊन झालेला असतो.

शरीराचंही तसंच. चार-साडेचार किलोचं वजन दोन तास खांद्यावर पेलल्यावर पाठ जे सांगते, ते दुकानातल्या वीस मिनिटांत ती सांगत नाही. १९६० साली आलेल्या फेंडरच्याच ‘जॅझ बेस’ची नेक तारा सुरू होतात तिथे जेमतेम दीड इंच रुंद असते. लहान हाताच्या माणसाला ती वरदान वाटते, जाड बोटांच्या माणसाला अडचण. पाच तारांच्या बेसला खाली आणखी एक खर्जाची तार मिळते, सेकंदाला सुमारे ३१ कंपनांची. माझ्या मते हौशी माणूस महत्त्वाकांक्षेपोटी घेतो आणि पुढे सोडून देतो त्या वस्तूंत ही पहिली, कारण त्याच्या बँडच्या गाण्यांत त्या तारेला कामच नसतं. हे कळणं म्हणजे पैसे फुकट जाणं नव्हे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबुर्गमध्ये जर्मन बनावटीची होफनर बेस गिटार घेतली, ती मुख्यतः स्वस्त पडत होती म्हणून. तीस पौंडांच्या आसपासची ती गिटार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे डावखुऱ्या माणसानं उलटी धरली तरी विचित्र वाटत नाही, हेही एक कारण होतं. तिची तार आखूड, सुमारे ३० इंचांची. पुढे १९६५च्या सुमारास त्यांनी लांब तारेचा रिकेनबॅकर बेस हाती घेतला आणि बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांतला खर्ज अधिक ठाशीव झाला. होफनरनं त्यांना वेग आणि हलकेपणा शिकवला, रिकेनबॅकरनं ठसठशीतपणा. वाद्य बदललं की वाजवणाराही थोडा बदलतो, आणि शिकण्याच्या वयात (ते वय कितीही असो) असा बदल हवाच असतो.

इथे जाणकार वाचक जेम्स जेमरसन यांचं नाव घेतील, आणि ते घ्यायलाच हवं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या असंख्य गाण्यांखाली त्यांचा बेस आहे. १९६२चा एक प्रिसिजन बेस, त्यावर गुळगुळीत वेटोळ्याच्या जाड तारा, ज्या ते बदलतही नसत, आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे केलं, त्यापुढे बेस बदलत राहणाऱ्यांची बाजू लंगडी वाटते. सूर बोटांत असतो, वाद्यात नसतो, हे जुनं म्हणणं जेमरसन यांच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. पण त्यांचं उदाहरण पूर्ण पाहिलं पाहिजे. ते मुळात डबल बेस वाजवणारे होते, म्हणजे आपल्याला कोणता आवाज हवा हे इलेक्ट्रिक बेस हाती येण्याआधीच त्यांना ठाऊक होतं. रोज स्टुडिओत नामांकित वादकांबरोबर बसल्यामुळे हौशी माणसाला दोन वर्षांत मिळणारा अनुभव त्यांना आठवड्यात मिळत असणार. आणि त्यांचा पहिला इलेक्ट्रिक बेस आधी दुसऱ्या एका बेसवादकाकडे होता. तो बेस चोरीला गेला, आणि १९६२चा प्रसिद्ध बेस त्यानंतर आला. एका वाद्याशी आयुष्यभर निष्ठा ही शोध संपल्यानंतरची अवस्था आहे. ज्याचा शोध सुरूच झालेला नाही, त्यानं पहिल्या खरेदीला निष्ठा म्हणणं म्हणजे शिकायचं टाळणं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. नवं वाद्य घेतल्याचा आनंद सरावाची जागा घेतो. सूर पक्का नाही, ताल सुटतो, आणि माणूस पिकअप बदलल्यानं काय फरक पडेल याचा विचार करत बसतो. हे घडतं, आणि पुष्कळ घडतं. पण दोष खरेदीपेक्षा साठवणीचा आहे. एक विकल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, एवढा नियम पाळला की प्रत्येक खरेदीपूर्वी हातातल्या वाद्याचा हिशेब मांडावाच लागतो. यातून काय वाजवलं, काय वाजलं नाही, अडचण वाद्याची होती की हाताची? विकायला काढलेला बेस शेवटचा मनापासून वाजवताना कित्येकदा उत्तर मिळतं की अडचण हाताची आहे, आणि विक्री रद्द होते. साठवण मात्र वाद्यालाही सोसत नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या बेसचं लाकूड ओल पिऊन फुगतं आणि नेकचा बाक बदलतो. नेकच्या पोटातली ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई चावीनं कमी-जास्त ताणून तो बाक पुन्हा जुळवता येतो, पण बघणाराच कुणी नसेल तर तारा गंजतात, आवाजाची बटणं खरखरू लागतात, पडद्यांवर हिरवट थर येतो. रोज हाताखाली असलेला जुना बेस न वाजलेल्या नव्या बेसपेक्षा बहुधा चांगल्या अवस्थेत असतो.

तिसरा मुद्दा पैशांचा. जुन्या बेसच्या किमती चढत जातात, मग विकायची घाई कशाला, असं काही जण म्हणतात. फेंडर कंपनी १९६५ साली सीबीएस या प्रसारण कंपनीनं विकत घेतली, आणि त्याआधीच्या वाद्यांना आज संग्राहक प्रचंड पैसे मोजतात, हे खरं. पण त्या किमतीची अट अशी की वाद्याला कुणी हात लावलेला नसावा. मूळ रंग खरवडून नवा दिला की किंमत साधारण निम्म्यावर येते, हा या बाजारातला सर्वमान्य ठोकताळा आहे. आता बेसवादक जाको पास्टोरियस यांचा १९६२चा जॅझ बेस आठवा. तो सेकंडहँड घेतलेला, पडदे उपटलेला, खाचा भरून वर जहाजांना लावतात तसल्या कठीण रेझिनचा थर दिलेला. संग्राहकाच्या मोजमापानं ते मातेरं होतं, आणि १९७०च्या दशकात बेसचं सारं वादन त्याच वाद्यानं हलवून सोडलं. बाजाराला पुढचं दिसतं असंही नाही. १९७०च्या दशकातल्या ज्या फेंडर गिटारींना वादक ढिसाळ कामाबद्दल नावं ठेवत, त्याही आज जुन्या म्हणून महाग आहेत. १९८२ साली जपानमध्ये स्वस्तातला माल म्हणून सुरू झालेल्या फेंडरच्याच स्क्वायर गिटारी आता शोधून घेतल्या जातात. किंमत वयाची आणि दुर्मिळतेची असते, तिच्यावरून वाजवण्याबद्दल फारसं काही कळत नाही. हौशी माणसानं गुंतवणूक म्हणून बेस घेतला, तर तो त्याच्यावर ओरखडा उठू नये म्हणून जपत राहील. सेकंडहँड घेऊन, दोन वर्षं मनसोक्त वाजवून, थोडी किंमत सोडून विकला, तर तेवढीच रक्कम शिकण्याचं शुल्क होते, आणि ते कोणत्याही क्लासपेक्षा जड नसतं.

आपल्याकडे ही देवघेव अजून तोकडी आहे. बेस गिटार आपल्याला परकी नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस होता, गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंना हे वाद्य सवयीचं करून दिलं, आणि आज मुंबईच्या मोहिनी डे यांचं बेसवादन जगभर ऐकलं जातं. इंडोनेशिया आणि चीनमधल्या कारखान्यांतून येणारे साधे बेसही आता यंत्रावर अचूक कापलेले असतात, त्यामुळे पहिली खरेदी पूर्वीइतकी जोखमीची राहिलेली नाही. तरी वापरलेलं वाद्य म्हणजे कुणाचं तरी नको झालेलं, ही भावना जात नाही. परदेशात राहणारे मराठी वादक मायदेशी येताना बेस आणतात, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेकवरची काळसर पट्टी पुष्कळदा शिसवीची असते, आणि शिसवीच्या साऱ्या कुळावर जानेवारी २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझीलच्या शिसवीला मिळाली नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या गिटारींवर बहुधा तीच असते, आणि अशी गिटार सीमेपलीकडे विकायला आजही परवाना लागतो.

विकणाऱ्यावर अर्थात जबाबदारी आहे, आणि माझ्या बाजूचं सारं बळ तीवर अवलंबून आहे. पडदे कितपत झिजलेत, ट्रस रॉड दोन्हीकडे फिरते की टोकाला जाऊन अडकली आहे, नेकला पीळ पडलाय का, कोणते भाग मूळचे आणि कोणते बदललेले, आत ९ व्होल्टची बॅटरी असेल तर तिची तार कधी तुटली होती का, हे सगळं विचारण्याआधी सांगावं. काढून ठेवलेले मूळ भाग सोबत द्यावेत. मालकीचा माग तर द्यायलाच हवा. जेमरसन यांचा १९६२चा बेस १९८३ साली त्यांच्या मृत्यूच्या जरा आधी चोरीला गेला. जाको यांचा १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये गेला, वीसेक वर्षांनी तिथल्याच एका दुकानात उगवला, आणि त्याच्या मालकीचा वाद मिटायला २०१० साल उजाडलं. मॅकार्टनी यांची १९७२ साली लंडनमधून गेलेली होफनर त्यांना परत मिळाल्याचं २०२४ साली जाहीर झालं. मधल्या काळात ही वाद्यं कोणत्या ना कोणत्या हातांत होतीच. म्हणून सिरीयल नंबरचा फोटो, मूळ पावती आणि आधीच्या मालकानं दिलेला साधा लेखी कागद, हे तिन्ही बेसच्या केसमध्ये ठेवूनच तो पुढच्या माणसाकडे द्यावा.