पुरावा कशाला म्हणायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संशोधक हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शकावर झुकलेलं डोकं. त्यामुळे कोणी म्हणालं की मी बारा वर्षं एका कोशातल्या शब्दांचे अर्थ लावतो आहे, तर आपण चांगलं म्हणतो खरं, पण मनातून त्याला संशोधन म्हणायला कचरतो. उलट इतिहास किंवा भाषा शिकलेली माणसंही प्रयोगशाळेत आकडे मोजण्यापलीकडे काय चालतं याची फारशी विचारपूस करीत नाहीत.

ज्ञानाच्या शाखा किती, याची जंत्री मी आज देणार नाही. ती कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात मिळेल. मला बोलायचं आहे ते एका वेगळ्या गोष्टीबद्दल. हे सगळे लोक पुरावा कशाला म्हणतात? आणि आपण चुकतो आहोत हे त्यांना कसं कळतं? त्यासाठी फार लांब जायला नको. पुणं आणि भोवतालचा शंभरेक किलोमीटरचा टापू पुरेसा आहे.

महाभारतापासून सुरुवात करू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते पुरं झालं १९६६ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं! शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या १,२५९ पोथ्या या कामासाठी उपयोगात आणल्या गेल्या. १९२५ पासून या कामाची धुरा होती डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळले. त्यांच्या कामात गणिताची शिस्त जागोजागी दिसते.

आता पाहा, दोन पोथ्यांचं नातं ओळखायचं कसं? परीक्षेत दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं, तर मास्तरांना त्यात काही वावगं दिसत नाही. पण दोघांनी एकच विचित्र चूक केली असेल, तर एकानं दुसऱ्याची वही पाहिली हे शेंबडं पोरही सांगेल. पोथ्यांचं तसंच. समान चूक म्हणजे समान पूर्वज. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ लावतात, त्यामागची युक्ती याहून फार निराळी नाही. महाभारताच्या बाबतीत मात्र ही वंशावळ सरळ लागेना. कारण लेखनिक दोन-तीन पोथ्या पुढ्यात घेऊन लिहीत आणि जिथं जे जास्त सापडेल ते उचलीत. इकडचं तिकडे मिसळलेलं. मग सुकथनकरांनी दुसरी कसोटी लावली. एकमेकांपासून फार दूर असलेल्या, ज्यांचा संबंध येण्याचा संभव कमी, अशा परंपरांत, उदाहरणार्थ काश्मीर आणि केरळमध्ये, एकच पाठ मिळाला तर तो जुना मानायचा. शिवाय आणखी एक नियम होता. एका ठिकाणी अवघड शब्द आहे आणि दुसरीकडे सोपा, तर बहुधा अवघडच मूळचा. लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड करण्याच्या भानगडीत कोण पडतो?

या कसोट्यांनी काही लाडक्या गोष्टी बाजूला पडल्या. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं, ही कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन विद्वानानं केलं. तिथं द्रौपदीनं वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावा संहितेत राहिला नाही, तळटीपांत गेला. अनेकांना हे रुचलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण संपादकांनी गाळलेलं फेकून दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद छापले आहेत. ज्याला निर्णय पटत नाही त्याला भांडण्याचं साहित्य संपादकांनीच हाती दिलं आहे. आणि दावा तरी काय? ही व्यासांची मूळ संहिता आहे, असं कोणी म्हटलेलं नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितकं मागं जाता येतं तितकं गेलो, एवढंच.

पोथ्यांच्या या जगात एक अडचण मात्र कायमची. प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो, उपकरण मोडलं तर दुसरं आणता येतं. जळालेली किंवा फाटलेली पोथी परत येत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी याच संस्थेवर हल्ला होऊन पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली, तेव्हा या फरकाची जाणीव अनेकांना पहिल्यांदा झाली.

पुण्यातच फर्ग्युसन महाविद्यालयात एक प्राध्यापक गणित शिकवीत होते, दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले. यांनी १९४० च्या सुमारास आहत नाणी तोलायला घेतली. आहत नाणी म्हणजे ठसे मारलेली चांदीची प्राचीन नाणी. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. मग कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं? कोसंबींनी विचार केला की नाणं हातोहात फिरलं की झिजतं. सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणजे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरेल आणि त्यांच्या आपापसांतल्या वजनांतला फरकही वाढलेला असेल. ही कल्पना त्यांनी आधी चालू नाण्यांवर पडताळून पाहिली, कारण त्यांवर टांकसाळीचं साल असतंच. मग हजारो नाणी तराजूवर चढली. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. एकाच साठ्यात सापडलेल्या शेकडो नाण्यांवरून सांगता येतं. इतिहासाच्या प्रश्नाला संख्याशास्त्राचं उत्तर, असं हे प्रकरण आहे.

याच माणसानं १९४४ मध्ये गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं. ते आजही कोसंबींच्या नावानं ओळखलं जातं. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनीच सिद्ध केली. आपण शाखांच्या भिंती फार उंच मानतो, एवढंच यावरून म्हणायचं.

आता शिरूर तालुक्यात चला. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली ठळक नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती त्यांनी उजेडात आणली. शंभरावर घरं, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेलं. प्रौढ माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून पाय तोडत असावेत, असं सुचवलं गेलं आहे. इथं थोडं थांबायला हवं. पाय तोडले, हे हाडं सांगतात. का तोडले, हे हाडं सांगत नाहीत. पहिलं विधान निरीक्षणाचं आणि दुसरं तर्काचं. चांगला पुरातत्त्वज्ञ दोन्ही करतो, पण दोन्हींचं वजन सारखं ठेवत नाही. आणि त्याची आणखी एक पंचाईत असते. उत्खनन म्हणजे पुरावा उलगडत उलगडत नष्ट करणं. थर एकदा काढला की गेला. नोंदवही, नकाशा, छायाचित्र एवढंच उरतं. म्हणून शहाणे लोक टेकाडाचा काही भाग न खणता ठेवतात, पुढच्या पिढीकडे जास्त चांगली साधनं असतील म्हणून.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणीची कथा अगदी उलट. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एकच मोठी दुर्बीण असल्यासारखं काम करतात. इथं संशोधकाला आपल्या वस्तूला हातच लावता येत नाही. तारा जवळ आणता येत नाही, तापवता येत नाही. जे येईल ते टिपायचं. २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की, अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली आहे. त्यात खोडदच्या नोंदी वापरणारा भारतीय गटही होता. घड्याळासारखे नियमित टिकटिकणारे पल्सार नावाचे तारे वर्षानुवर्षं पाहून हे काम झालं. पण त्यांनी 'शोध लागला' असं म्हटलं नाही, 'पुरावा मिळाला' असं म्हटलं. पदार्थविज्ञानात शोध म्हणायचा तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी कमी असावी, असा संकेत आहे. तेवढी खात्री अजून झाली नव्हती.

आता अर्थशास्त्राकडे वळतो, कारण तिथं चुकलं तर कोणाच्या तरी ताटातलं कमी होतं. १९७१ मध्ये गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक लागतात असं धरून, तेवढं अन्न मिळवण्याइतका खर्च ज्यांना झेपत नाही ते दरिद्री, अशी त्यांनी व्याख्या केली. १९६०-६१ सालासाठी खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे निम्मी माणसं या रेषेखाली निघाली. यावर पुण्यातच राहणाऱ्या पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. सुखात्मे संख्याशास्त्राचे आणि पोषणाचे मोठे अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की माणसाची गरज ठरलेली नसते, एकाच माणसाचीही ती बदलते. सरासरीखाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हणणं चूक आहे. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते असा हिशेब मांडला तर उपाशी माणसं कागदावरून नाहीशी होतील आणि सरकारला हायसं वाटेल. वाद वर्षानुवर्षं चालला आणि छापून चालला. दोघांपुढे पाहण्यांचे आकडे होते. तंटा होता तो कशाला काय म्हणायचं याचा. असा तंटा दुर्बिणीनं मिटत नाही.

एवढं सगळं पाहिल्यावर या साऱ्यांना एकाच मापानं मोजावं, ही कल्पना तुम्हाला विचित्र वाटेल. पण ती अंमलात आली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये प्राध्यापकांच्या शोधनिबंधांना, पुस्तकांना गुण देण्याची पद्धत सुरू केली. पुढे तिच्यात बदल झाले, पण वर्षाकाठी किती छापलं हे विचारण्याची सवय लागली ती लागलीच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून वर्षाला चार निबंध निघू शकतात. इनामगावचं खोदकाम पंधरा वर्षं चाललं.

आणि डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश? डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये त्याचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द संदर्भासह चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. त्या कपाटांतल्या खणांत रचून ठेवल्या आहेत. 'असुर' हाच शब्द घ्या. ऋग्वेदातल्या जुन्या सूक्तांत तो देवांसाठी आदरानं वापरलेला दिसतो, नंतर त्याचाच अर्थ देवांचा शत्रू असा होतो. सहाव्या शतकातला ताम्रपट वाचणाऱ्याला त्या काळातला अर्थ हवा असतो, हजार वर्षं आधीचा नव्हे. तो देण्यासाठी संपादकाला एका शब्दाच्या शेकडो चिठ्ठ्या कालक्रमानं लावून बसावं लागतं. पहिला भाग १९७० च्या दशकात निघाला. २०२२ पर्यंत ३५ भाग छापून झाले होते, आणि कोश तेव्हाही 'अ' या अक्षरावरच होता.