मोरीचं पाणी जातं कुठं

नीरा डावा कालवा १८८५ साली आला आणि बारामती-इंदापूरचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग पडले. सुपे-मोरगावकडच्या जिरायती गावांत पाणी जपून वापरायचं, म्हणून भांडी कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसून घ्यायची रीत होती. राखेतला क्षार तेलकटपणा सोडवतो. घासणी म्हणजे नारळाची शेंडी, नाहीतर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. झिजली की उकिरड्यावर जायची आणि तिचं खत व्हायचं. मोरीचं पाणी परसातल्या अळूला, केळीला.

जुनं ते सगळं चांगलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. राख चुलीची, आणि चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे, छाती पोखरली. मातीनं भांडी घासत, त्या मातीतून जंतांची अंडी ताटात येत. नव्वदच्या दशकात साबणाची वडी गावोगावच्या दुकानांत पोचली. २०१६ला उज्ज्वला योजना आली, गॅस वाढला, राख कमी झाली. हे व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर तारेची घासणी आणि हिरव्या-पिवळ्या स्पंजाचा तुकडाही आला, आणि तो कायम ओलाच राहू लागला.

२०१७ साली जर्मन संशोधकांनी घरगुती वापरातले १४ स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरमध्ये ५४०० कोटींपर्यंत जिवाणू भरले. सगळेच काही रोग पसरवणारे नव्हेत. पण ओल आणि अडकलेलं खरकटं मिळालं की त्यांची वाढ थांबत नाही. ओली ठेवली तर शेंडीही तितकीच घाण होते. फरक सुकण्याचा आहे.

दुसरा फरक झिजण्याचा. स्पंज प्लास्टिकचा, त्याचे बारीक कण साबणासह गटारात जातात. बारामतीचं सांडपाणी जिथं कऱ्हेत उतरतं, तिथून ते सोनगावला नीरेत, नीरा-नरसिंहपूरला भीमेत आणि पुढं पंढरपूरला पोचतं. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करत ज्या चंद्रभागेच्या स्नानाला जाते, तीच ही भीमा. आपल्या मोरीतलं पाणी तिथं जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घोसाळ्याचा वेल कुंपणावर आजही सहज चढतो. दोन-चार फळं वेलावरच वाळू द्यावीत, साल सोलून बिया झटकाव्यात, जाळीचे तुकडे करावेत. काम झालं की पिळून उन्हात टांगावेत आणि विरले की खताच्या खड्ड्यात टाकावेत.