स्टिअरिंगचा दांडा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेथे घडणाऱ्या रुळांनी आगगाडीचा भार न वाकता पेलावा, हाच त्यांचा गुण होय. मोटारीत मात्र एक भाग असा आहे, की तेथे पोलादाला योग्य क्षणी नमावे लागते. तो म्हणजे स्टिअरिंगचा दांडा.

त्या काळच्या पिकअप गाड्यांत हा दांडा चालकाच्या हातातील चाकापासून खालच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत ताठ व अखंड असे. समोरून टक्कर झाली, की बॉक्स मागे रेटला जाई आणि दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येई. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींत आघाताने दबून आखूड होणारा दांडा येऊ लागला.

जुन्या पिकअपची डागडुजी करताना असा दांडा बसविता येतो. त्याची लांबी जुळावी, टोकाच्या खाचा बॉक्सच्या खाचांशी नेमक्या बसाव्यात आणि कोन बदलल्यास मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घालावा. परंतु दबणारा भाग वेल्डिंगने पक्का केल्यास नव्या दांड्याचा पुन्हा भालाच होतो.