चुन्यातली वीट

सकाळचे साडेआठ. कसबा पेठेतला दुमजली वाडा अर्धा उतरलाय. कौलं कालच गेली. मागे राहिलेली पाच-पंचवीस भिंतीला टेकून उभी आहेत, पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचं नाव उठलेलं. माडीच्या सागवानी तुळया दोरखंडाने खाली येतायत. "हळू! टोक सांभाळ!" मुकादम ओरडतो. लाकूड चिरलं की भाव पडला. खाली एक पोरगा खिळे उपटून डब्यात टाकतोय. कडी-कोयंड्यांची गोणी वेगळी. ती रविवारी जुन्या बाजारात जाणार.

माझे पाय अडतात ते विटांपाशी. चार बाया उकिडव्या बसल्यात. त्यातल्या एक मावशी वीट डाव्या हातात धरतात, कोयत्याच्या पाठीने कडेला दोन ठोके देतात आणि चुन्याचा थर अख्खाच्या अख्खा सुटून पडतो. मग ती वीट दुसरीवर हलकेच आपटतात. खणकन वाजली तर थप्पीला, बद्द वाजली तर बाजूला. बोटांच्या पेरांना चुन्याने भेगा पडल्यात, पण कान पक्का आहे. एकदाही चुकत नाहीत.

"आन् ह्ये बघा ताई," मावशी मागचा ढीग दाखवतात. नंतर कधीतरी बांधलेल्या संडासाची भिंत. "सिमिटातली हाय. सुटतच न्हाई, फुटतीय."

एक तुकडा उचलून बघते. तडा गेलाय तो जोडातून नाही, थेट विटेतून. चुना मऊ, तो विटेला धरून ठेवतो आणि वेळ आली की सोडतोही. सिमेंट सोडत नाही. आणि आपली अख्खी शहरं आता सिमेंटात उभी आहेत! काँक्रीट भरडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरायला भारतीय मानकाने २०१६ सालीच मुभा दिलीय. पण त्यासाठी काँक्रीट निराळं काढायला हवं. या ढिगात फरशी, वायरी, माती, थर्माकोल, सगळं एकत्र. तुळई सांभाळून उतरते, कारण तिला गिऱ्हाईक आहे. या राडारोड्याकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डंपर मागे मागे येतो. मावशी एकदम उठतात, ढिगात हात घालून एक वीट ओढून काढतात.

"चुन्यातली हाय. चुकून तिकडं गेलीया."

दोन ठोके. खणकन आवाज. वीट थप्पीला लागते.